आगर ते डहाणू खाडी : तांडेलाच्या जागेवरून

शनिवार, आगर

सुरूच्या बनातून कयाक खाली आणली तेव्हा भरती नुकतीच लागली होती. लाइफ जॅकेट वाळूवरच चढवलं, पट्टे ओढून पाहिले. 13 जानेवारी 2018 ला डहाणूच्या याच समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. इथे पाण्यात उतरताना ते आठवतंच.

किनारा धरून दक्षिणेला निघालो. समोर वीजकेंद्राची चिमणी. खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि मासेमारीच्या होड्या भरतीबरोबर आत शिरू लागल्या. त्यातली एक थेट माझ्या अंगावर. मला ती स्वच्छ दिसत होती, म्हणून मीही तिला दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. शिट्टी फुंकली, ती इंजिनाच्या आवाजात विरून गेली. शेवटी वल्हं डोक्यावर धरून हलवलं. नाळेवरचा पोरगा ओरडला, होडी वळली. हात बराच वेळ थरथरत होते.

रविवार, डहाणू खाडी

होडीच्या तांडेलकाकांची माफी मागायला गेलो. ते रागावले नाहीत. मला होडीत चढवून मागे सुकाणूपाशी बसवलं.

"बघा दादा, काय दिसतं?"

समोर नुसती उंच नाळ. तिच्यापुढचं पाणी झाकलेलंच.

"सकाळी परतताना तोंड पूर्वेला. सूर्य डोळ्यांत. त्यात तुमची होडी निळी."

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून दोन हातही वर नसतं. लाट उठली की तेही जातं. ताशी 15 किलोमीटरने येणारी होडी मिनिटात 250 मीटर कापते, मी फार तर 80. ऐन वेळी बाजूला होण्याचा भरवसा खोटा आहे.

सोमवार, पुन्हा खाडी

वल्ह्याच्या दोन्ही पात्यांना रात्रीच केशरी रंग दिला. पाण्यावर आधी नजरेत भरतं ते हलणारं पातं. टॉर्च जॅकेटला बांधला. अंधारात वल्ह्याच्या होडीनेही पांढरा दिवा हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, हे 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतच आहे.

खाडीचं तोंड आता तिरकं ओलांडत नाही. कडेला थांबायचं, होड्या जाऊ द्यायच्या, मग सरळ आडवं, न रेंगाळता.

आज थांबलो होतो तेव्हा नाळेवरच्या पोराने लांबूनच हात वर केला. मी केशरी पातं उंच धरलं. होडी आत गेली, तिची लाट कयाकखालून सरली, आणि मी वल्हं मारलं.