नदी उजव्या हाताला

माणसानं मनात आणलं की तो काहीही करू शकतो, असं म्हणणाऱ्यांनी मनात आणणं आणि करणं यांच्या मधला प्रांत कधी पाहिलेला नसावा. या प्रांताला 'माहिती काढणे' असं म्हणतात. मुलीसाठी स्थळ, राहायला जागा आणि गुडघ्याला डॉक्टर, या तीन गोष्टींची माहिती काढायला निघालेला मराठी माणूस एकदा पाहावा. मुलीचं लग्न होऊन तिला मुलं झाली, तरी हा आपला 'तेव्हा ते नाशिकचं स्थळ पण बरं होतं' म्हणून चौकशी चालूच ठेवतो.

मी गेली दोन वर्षं नर्मदा परिक्रमेची माहिती काढतो आहे. पायी परिक्रमेची. हे 'पायी' मुद्दाम सांगावं लागतं, कारण परिक्रमा म्हटलं की निम्मे लोक विचारतात, "कुठल्या ट्रॅव्हल्सनं?" उरलेले निम्मे माझ्या गुडघ्यांकडे बघतात आणि विषय बदलतात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अमरकंटकला उगम पावून भरूचच्या पलीकडे खंबातच्या आखाताला मिळणारी ही नदी १,३१२ किलोमीटर लांब आहे. ती कायम उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता, एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं होडीनं पलीकडे व्हायचं, दुसऱ्या काठानं उगमापर्यंत यायचं, उगमाला वळसा घालायचा आणि जिथून निघालो तिथं परत पोचायचं. मराठी मंडळी बहुधा ओंकारेश्वरहून उचलतात. 'उचलणे' हा खास शब्द. परिक्रमा सुरू करत नाहीत, उचलतात. पुढं ती आपल्याला उचलते की आपण तिला, हे ज्याचं त्यानं बघायचं.

दोन्ही काठ धरले तर सव्वीसशे किलोमीटर होतात. हा आकडा ऐकून मी पहिल्या दिवशी खुर्चीत बसलो. मग परंपरा सांगते ती मुदत वाचली आणि उठलो. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस! त्यातले चातुर्मास एके जागी मुक्काम करून काढायचे. मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. तीन चातुर्मास वजा जाता चालायचे दिवस साधारण आठशे अडतीस, म्हणजे रोजचे फक्त सव्वातीन किलोमीटर. अहो, बागेत आमचं पेन्शनर मंडळ गप्पा मारत मारत तेवढं चालतं! शास्त्रकारांना माणसाचे गुडघे माहीत होते. आताचे लोक मात्र चार-पाच महिन्यांत आटपून येतात. त्यांना घरी परत कशासाठी जायचं असतं कोण जाणे.

माहितीचं पहिलं साधन म्हणजे पुस्तकं. मराठी माणसानं पाहिलेल्या नर्मदेपेक्षा वाचलेली नर्मदा जास्त लांब आहे. गोनीदांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आमच्या पिढीनं कॉलेजात वाचलं, आणि पुढं जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'नं पेन्शनरांच्या पिढ्याच्या पिढ्या उठवून बसवल्या. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली सुरुवात करून तुकड्यातुकड्यांनी काठ पायाखाली घातले आणि हिंदीत त्यावर सुरेख पुस्तकं लिहिली. ही पुस्तकं वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण पिण्याचं पाणी पुढं किती किलोमीटरवर आहे, ते काही समजत नाही. मी पेन्सिल घेऊन वाचायला बसलो होतो. शंभर पानांनंतर समासात माझी एकच नोंद होती : 'सुंदर!'

दुसरं साधन म्हणजे जाऊन आलेली माणसं. यांचे प्रकार आहेत. पहिला प्रकार समर्पितांचा. यांना काहीही विचारा, उत्तर एकच.

"रोज साधारण किती चालणं होतं हो?"

"मैया चालवते तितकं."

"आणि रात्री मुक्काम?"

"मैया बघून घेईल."

"थंडीत पांघरूण एक पुरतं की दोन?"

यावर ते नुसतेच हसतात. मला त्यांच्या श्रद्धेबद्दल आदरच आहे. पण मैयाच्या खात्यात जमा करण्याआधी पांघरुणांची संख्या कळली असती तर बरं झालं असतं.

दुसरा प्रकार सामानवाल्यांचा. हे स्वतः गेलेले नसतात, पण सॅक कुठली घ्यावी ते त्यांना माहीत असतं. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला बूट, मोजे, गुडघ्याचे पट्टे, कपाळाला बांधायची बॅटरी अशी यादी काढून दिली. बेरीज केली तर सामान अकरा किलो भरलं. एक छाटी, एक कमंडलू, एक दंड आणि खांद्याला झोळी एवढ्यावर लोक शतकानुशतकं ही नदी फिरून आले, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "त्यांना चॉइस नव्हता."

तिसरं साधन म्हणजे नकाशे. नकाशा हा माझा जुना शौक. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून या देशाची मोजणी करतो आहे. नर्मदेचा काठ त्याच्याइतका कुणी मोजला असणार? २०१७ साली त्या विभागानं संकेतस्थळावरून नकाशे फुकट द्यायला सुरुवात केली. तेव्हा आधार क्रमांक घालायचा आणि दिवसाला तीन नकाशे उतरवून घ्यायचे, अशी पद्धत होती. डॉक्टरांच्या गोळ्यांसारखं सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. ओढा, टेकडी, देऊळ, पायवाट, सगळं दिसतं. मी उत्साहानं छापून घेऊन हॉलमध्ये जोडायला बसलो. सरळ ताणली तर या प्रमाणात नर्मदा सव्वीस मीटर भरते. आमचा फ्लॅट दारापासून गॅलरीपर्यंत नऊ मीटर. नदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्यावर सौभाग्यवतींनी धरण बांधलं.

मग चौथं साधन, हातातला फोन. याला सगळं जग माहीत आहे, म्हटलं ह्याला विचारू. ओंकारेश्वर ते अंकलेश्वर पायी, असं घातलं. त्यानं क्षणात रस्ता काढला आणि नदी पुलावरून ओलांडायला सांगितली. त्याला 'ओलांडायची नाही' हे समजावून सांगायची सोयच नाही. हमरस्ता टाळा म्हणता येतं, टोल टाळा म्हणता येतं. पाप टाळा म्हणता येत नाही. शेवटी चिडून मी त्याला अख्खी परिक्रमाच घातली. निघायचं ठिकाण ओंकारेश्वर, पोचायचं ठिकाण ओंकारेश्वर. तो म्हणाला, आपण पोचला आहात.

तत्त्वज्ञान म्हणून हे उत्तर फार मोठं आहे. पण मला चप्पल घालून बाहेर पडायचं होतं.

फोनचा एक उपयोग मात्र झाला. त्यातलं उपग्रहाचं चित्र आणि माझा कागदी नकाशा शेजारी ठेवून मी एका रात्री बसलो. नकाशावर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, शूलपाणीच्या झाडीत, काठाशी पाड्यांचे ठिपके होते. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती इथंच, तीही नुसती शिवेवरून. फोनच्या चित्रात त्या ठिपक्यांच्या जागी निळं पाणी होतं. मणिबेलीत शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ होतं. तेही सरदार सरोवराच्या पोटात गेलं आणि देव गोरा गावी नव्या देवळात राहायला गेला. वरच्या अंगाला इंदिरा सागरचा फुगवटा आहे. २००४ साली त्यात हरसूद गेलं. लोकांनी आपापली घरं आपल्या हातांनी पाडली आणि विटा-दारं-खिडक्या घेऊन बाहेर पडले. त्याच्याही वर जबलपूरजवळ बर्गीचं धरण आहे. म्हणजे जुन्या पुस्तकांत ज्या वाटांनी लेखक चालले, ज्या ओसरीवर झोपले, त्यांतल्या कितीतरी आज पाण्याखाली आहेत. धरणं टाळून लांबून वळसे घालायचे म्हणून परिक्रमाही तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. २०१९ साली सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं, १३८.६८ मीटर. आकडा दोन दशांशापर्यंत नेमका आहे. पाड्यातली माणसं कुठं गेली, ते मात्र ना कागदी नकाशात होतं, ना फोनमध्ये.

त्या रात्री माहिती काढण्याचा माझा उत्साह थोडा मंदावला. दुसऱ्याच्या बुडालेल्या अंगणावरून पुण्य मिळवायला जायचं, हे मनाला काही पटेना.

आणि अशा वेळी पाचवं साधन घरी चालत आलं. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. वय अडुसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र भरपूर. चार वर्षांपूर्वी त्या एकट्या जाऊन परिक्रमा करून आल्या. परत आल्यावर त्यांनी भाजीवाल्यापलीकडे कुणाला सांगितलं नाही, म्हणून आम्हांला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढं एक चोपडी टाकली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. मूळ अक्षर कुणाचं, त्यांनाही ठाऊक नाही. डावीकडे गाव, मग अंतर, मग आश्रम किंवा देऊळ किंवा शाळा, मग सदावर्त मिळतं की तयार भोजन, आणि शेवटी शेरा. हे शेरे म्हणजे वाङ्मय आहे. 'महाराज रागीट, खिचडी उत्तम.' 'विहीर आहे, दोर नाही.' 'दोन किलोमीटर सांगतात, सहा निघतात.' 'समुद्राची होडी भरतीवर सुटते, रात्रीबेरात्री उठवतात, चिडू नये.' प्रत्येक नव्या परिक्रमावासीनं आपल्या पेनानं आधीचं खोडून नवं लिहिलेलं. जिथं गाव बुडालं, तिथं नावावर एक रेघ आणि शेजारी वरच्या टेकडीचं नाव.

मी त्यांना त्या निळ्या ठिपक्यांबद्दल विचारलं.

"टेकडीवर गेलेत की ती माणसं," मावशी म्हणाल्या. "पूर्वी त्या झाडीत परिक्रमावासीला लुटायचे म्हणतात. लंगोटीपर्यंत काढून घ्यायचे. मैयाचे भाऊ, म्हणून त्यांना मामा म्हणायचं. मला त्या मामाच्या सुनेनं कोरा चहा दिला, दूध नव्हतं म्हणून तीच ओशाळली. सगळं पाण्यात गेलंय हो त्यांचं. मी विचारलं, तुम्ही आम्हांला का देता? तर तिला प्रश्नच कळला नाही."

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जाल तेव्हा चहा-साखर घेऊन जा बरोबर. आणि हे लिहून ठेवा यादीत."

माझ्या सामानाच्या यादीत चहा आणि साखर आली. अकरा किलोंतून कपाळाची बॅटरी गेली.

सदावर्त म्हणजे कोरडा शिधा. डाळ, तांदूळ, पीठ ते देतात, शिजवायचं आपण. तेव्हा माझं शिक्षण सुरू झालं. खिचडी आणि टिक्कड, एवढाच अभ्यासक्रम. टिक्कड म्हणजे हातावर थापलेली जाड रोटी. माझी पहिली टिक्कड खिडकीतून टाकली असती तर खाली कुणीतरी दवाखान्यात गेलं असतं. सौभाग्यवती ओट्याला टेकून बघत असत. या दोन वर्षांत त्यांनी मला मदत अशी केली नाही. फक्त मधून मधून प्रश्न विचारत. आश्रमात बायकांना निराळी खोली असते का? नदीवर आंघोळीला आडोसा असतो का? आठ कपडे लागतील की चार? मी ते प्रश्न पुस्तकांत शोधले. बाप्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत आडोसा नसतो. मावशींच्या चोपडीत मात्र काही गावांपुढं हिरव्या शाईनं छोटी फुली होती. त्या फुलीचा अर्थ मला लागेना.

"ती खूण आमची," सौभाग्यवती म्हणाल्या. "फुली असेल तिथं मुक्काम करायचा नाही, पुढच्या गावाला जायचं. मावशींनी सांगितलंय मला."

"तुला कधी सांगितलं?"

"रोज पहाटे जातो ना आम्ही टेकडीवर. सहा महिने झाले. तुम्ही नकाशे जोडत होतात तेव्हा."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि टाचा चांगल्या झिजलेल्या होत्या. माझे बूट अजून खोक्यात आहेत.

देवदिवाळीच्या आधी, प्रबोधिनी एकादशीनंतर निघायचं ठरलं आहे. गुडघ्यांना अजून कळवलेलं नाही. चोपडीची एक नवी झेरॉक्स काढली आहे आणि शेऱ्यांच्या रकान्यात जागा राहावी म्हणून मोठ्या कागदावर काढली आहे. नकाशांचं भेंडोळं माळ्यावर गेलं. कालची खिचडी सौभाग्यवतींनी मुकाट्यानं खाल्ली, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "चालेल. पण तुम्ही लाकडं गोळा करा. स्वयंपाकाचं मैया बघून घेईल."