उधारीचं वय

चि. भाचीस,


महाळुंगे पडवळला कृषी सेवा केंद्र काढतेयस, परवानाही हाती आला, वाचून फार बरं वाटलं. गाळा, रॅक, नफ्याचे टक्के सगळं लिहिलंस. खेळत्या भांडवलाला मात्र एकच ओळ दिलीस. तिथेच माझा जीव अडकलाय.

आपल्याकडे माल गेला तो दिवस आणि पैसे आले तो दिवस, यांच्यामध्ये पीक उभं असतं. टोमॅटोचा तोडा दोन-अडीच महिन्यांत सुरू होतो. नारायणगावच्या बाजारात क्रेट गेले की वसुली होते. उन्हाळ कांद्याला जानेवारीत खत जातं, कांदा एप्रिलच्या सुमारास निघतो, आणि भाव नसला की बराखीत पडतो, कधी पार दिवाळीपर्यंत. आडसाली ऊस जुलैत लावला तर तोड पुढच्या वर्षीच्या हंगामात. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत, असा 1966 चा आदेश आहे खरा. पण ते दिवस ऊस कारखान्याला पोचल्यावर मोजायचे. तोवर तुझ्या खताच्या गोणीला वर्ष उलटून गेलेलं असतं, आणि वितरकाला तर तू कधीच पैसे दिलेले असतात.

म्हणून उधारीची वही नावावार ठेवशीलच, पिकावारही ठेव. समज, टोमॅटो, कांदा, ऊस यांची दोन-दोन लाख उधारी आहे. वहीत सहा लाख दिसतील. पण कॅश क्रेडिटची उचल ठरवताना बँका सहसा 90 दिवसांच्या आतलीच येणी धरतात. उसाचे दोन लाख, आणि कांदा बराखीत पडला तर त्याचेही, तुझ्या पदरच्या पैशानेच पेलावे लागतील.

मार्च सांभाळ. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायला शेतकरी हातातला रुपया न् रुपया तिकडे भरतो. त्या महिन्यात वसुली धरूच नकोस.

आणि 8 डिसेंबर 2023 आठव. कांद्याची निर्यात बंद झाली ती 4 मे 2024 पर्यंत. अशा वेळी चोख गिऱ्हाईकही थकतं. त्याच्यावर रागवून काय उपयोग? भावच नसतो. दोन महिन्यांचं भाडं, पगार आणि व्याज भागेल एवढी रक्कम वेगळी ठेव, मालात घालू नकोस.

पहिल्या वर्षी उसाला उधारी नको. भावकीत नाही म्हणणं जड जाईल, तरी म्हण. जूनचा माल भरण्याआधी वितरकाच्या अटी घेऊन मंचरला ये. महिनावार आकडे मांडू.

तुझा,
मामा