साडेसातचा फोन

आज पुन्हा वसुली एजंटचा फोन आला. संध्याकाळचे साडेसात, आई देवापुढे दिवा लावत होती. “वडिलांचं कर्ज आहे, आज निदान पाचशे तरी टाका, नाहीतर माणसं दारात पाठवतो.” बाबांना जाऊन चार वर्षं झाली. कर्ज २०१३चं, गिरणीच्या मोटारीसाठी काढलेलं.

आईचा हात थरथरला, काडी विझली. “देऊन टाक रे, त्यांच्या नावाला बट्टा नको,” म्हणाली. क्षणभर मलाही तेच वाटलं. बाबांनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. आजारपणात हप्ते थकले, एवढंच.

रात्री त्यांची पत्र्याची पेटी उघडली. रबरबँडला चिकटलेल्या पावत्या, मागे त्यांच्या बारीक अक्षरात तारखा. शेवटची मार्च २०१६ची. वकील मित्र म्हणाला, अशा कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. पण काही लिहून देऊ नकोस, सही करू नकोस. वारसाची जबाबदारीही वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. शिवाय सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे.

उद्या लेखी मागणार : कर्जाचा करार, खातेउतारा, एजंटचं नेमणूकपत्र. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. खरं देणं निघालं तर बसून बोलू. बाबांच्या नावाची मला काळजी आहेच. पण आईला घाबरवून कुणी पाच रुपयेही नेणार नाही. तिचा फोन आज माझ्या उशाशी आहे.