मुलाच्या हाती पक्कड

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले आणि त्याच रात्री वादही झाला. थोरल्याला बऱ्यापैकी गुण मिळाले होते. तो कॉमर्सला जाईल, पुढे बी. कॉम. करील आणि जमल्यास बँकेच्या परीक्षा देईल, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते. आम्ही स्वतः बी. कॉम. आहोत, वीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करीत आहोत. ज्या वाटेचे खाचखळगे ठाऊक आहेत, त्या वाटेने मुलाला न्यावे, एवढाच साधा हिशेब होता. जेवणे आटोपल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, मला आयटीआयला जायचं आहे. एसी-फ्रिजचा ट्रेड घ्यायचा आहे."

त्यावर आम्ही जे बोललो, ते इथे लिहिताना लाज वाटते. पण लिहिले पाहिजे. आम्ही म्हणालो, "एवढं शिकवलं ते काय लोकांच्या खिडक्यांना लटकायला?"

पोरगा गप्प झाला. पत्नी म्हणाली, "अहो, त्याचं पुरतं ऐकून तरी घ्या." आम्ही ऐकले नाही. अंथरुणावर पडलो, पण झोप लागली नाही.

झोप न लागण्याचे कारण होते. नागपूरच्या आमच्या वस्तीत आम्ही मित्रमंडळी अनेक वर्षे अभ्यासिका चालवितो. दरवर्षी जून महिन्यात तिथे बसून आम्ही पोरांचे प्रवेशाचे अर्ज भरून देतो. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक, कितीतरी मुलांना आम्ही आयटीआयची वाट दाखविली. त्यांच्या आईबापांना सांगितले, की हाताच्या कामात कमीपणा नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळीत होते आणि कारागीर तयार करणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्याच खात्याकडे होती, हेही भाषणांतून सांगत आलो. आणि आपल्या घरात तीच गोष्ट आली, तेव्हा आम्ही लटकण्याची भाषा केली! म्हणजे आयटीआय दुसऱ्याच्या मुलांसाठी आणि खुर्ची आमच्या मुलासाठी, असाच त्याचा अर्थ झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वडिलांनी विषय काढला. वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर घरी बसले. ते म्हणाले, "आमच्या खात्यात पाण्याचे फवारे होते. हवा ओली नसली की धागा तुटे. आमचा घाम निघे, पण धाग्याला गारवा लागे. ती मशीन सांभाळणारा फिटर होता ना, गिरणी बंद झाल्यावर त्याला आठ दिवसांत काम भेटलं. मला नाही भेटलं."

वडिलांचे हे बोलणे मनात राहिले. पुढे या विषयावर वाचू लागलो तेव्हा चकित झालो. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी कापड गिरणीतून आलेला आहे. अमेरिकेतील स्टुअर्ट क्रॅमर नावाच्या अभियंत्याने 1906 साली गिरणीतील हवेत ओलावा राखण्याच्या कामासाठी तो वापरला. त्याआधी 1902 साली विलिस कॅरियर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून. आधी धाग्याची आणि कागदाची सोय झाली. माणसाची पुष्कळ नंतर.

थोरल्याशी अबोला चालूच होता. मग आम्ही ठरविले, की नाही म्हणायचे तर निदान माहिती घेऊन म्हणावे. वस्तीतला एक तरुण पंधरा वर्षांपासून या धंद्यात आहे. त्याला म्हटले, "भाऊ, एका रविवारी आम्हांला बरोबर ने." तो हसला, पण नेले. बरोबर थोरलाही आला.

पहिले काम एका दवाखान्यात होते. औषधांचा फ्रिज थंड होत नव्हता. आत लसी होत्या, त्या आधीच बर्फाच्या डब्यात हलविल्या होत्या. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. उष्णता वाढली की ती निकामी होते आणि काही लसी गोठल्या तरी निकामी होतात. आमच्या मुलांना पोलिओचे थेंब पाजले, तेव्हा त्या थेंबांमागे असा कोणी कारागीर असेल, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. रक्तपेढीतील रक्त, मासळी, दूध, रेल्वेचे वातानुकूलित डबे, संगणकांच्या मोठमोठ्या खोल्या, सगळीकडे हेच काम. एसी म्हणजे श्रीमंताची चैन एवढेच आम्ही समजत होतो. तो समज त्या दवाखान्यात गेला.

काम करता करता त्या तरुणाने आम्हांला यंत्र समजावून दिले. "काका, एसी थंडी तयार करत नाही. घरातली गर्मी उचलतो अन् बाहेर नेऊन टाकतो." कॉम्प्रेसर वायू दाबतो, त्याने तो तापतो. बाहेरच्या जाळीत आपली उष्णता सोडून तो द्रव होतो. मग बारीक नळीतून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो अतिशय थंड होतो. आतल्या कॉइलमध्ये तो खोलीतील उष्णता शोषून पुन्हा वायू होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. आपल्याकडच्या कूलरची तऱ्हा वेगळी. त्यात वाळ्याच्या ताटीवरचे पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेते. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो आणि जुलैत हवाच पाण्याने भरलेली असल्यावर नुसता चिकचिकाट करतो. जन्मभर कूलरपुढे झोपलो, पण हे कारण आम्हांला त्या दिवशी कळले. 'दीड टनाचा एसी' यातला टनही वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढे ते काम. थोरला मात्र हे सारे आधीच वाचून बसला होता. आम्ही त्याला कधी विचारलेच नव्हते.

दुसरे काम तिसऱ्या मजल्यावर होते. बाहेरचे युनिट भिंतीला लोखंडी कोनांवर बसविलेले. तो तरुण खिडकीतून बाहेर पडला आणि हातभर रुंदीच्या सज्जावर उभा राहून काम करू लागला. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. आम्ही खिडकीचा गज धरून उभे होतो. आमच्या तोंडून शब्द फुटेना. वर आल्यावर विचारले, "पट्टा का नाही?" तो म्हणाला, "कोण देणार? ठेकेदार म्हणतो तू आण. अन् पट्टा बांधून काम उरकायला वेळ लागतो, कामामागे पैसे आहेत, तासामागे नाही." त्याने हात दाखविला. द्रवरूप गॅस अंगावर उडून कातडी जळाल्याचा डाग होता. थंडीनेही चामडी जळते.

परतताना चहाच्या टपरीवर तो म्हणाला ते शब्द आम्ही विसरणार नाही. "काका, पोराला या लाइनमध्ये जरूर आणा. पण माझ्या वाटेनं नका आणू. मी उस्तादाच्या हाताखाली शिकलो, हातात एकही कागद नाही. मोठी कंपनी कागद मागते. पंधरा वर्षं झाली, अजून ठेकेदाराकडेच आहे."

आमचा प्रश्न इथे सुटला. खुर्ची बरी की पक्कड बरी, हा वाद चुकीचा होता. कामगार म्हणून जायचे की कारागीर म्हणून, हा खरा प्रश्न. आपल्या वाडवडिलांवर जे काम लादले गेले, त्याला ना शिक्षण होते, ना ठरलेला दर, ना नकार देण्याची सोय. ते टाकण्यासाठी त्यांनी गाव सोडले. म्हणून आपल्या घरांत हात काळे होण्याची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. पण स्वतः निवडलेले, शास्त्र समजून केलेले आणि प्रमाणपत्राच्या बळावर दाम मागणारे काम वेगळे. दोन्ही एका मापाने मोजू नये.

आता चार कामाच्या गोष्टी, होतकरू मुलांसाठी आणि पालकांसाठी.

हा ट्रेड आयटीआयमध्ये दोन वर्षांचा आहे. दहावीनंतर प्रवेश मिळतो. मुलीही घेऊ शकतात. जातीचा आणि इतर दाखले निकालाआधीच काढून ठेवावेत. दाखल्यावाचून जागा गेलेली मुले आम्ही अभ्यासिकेत रडताना पाहिली आहेत. परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. मग 1961 च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी करावी, तिला विद्यावेतन असते. पुढे शिकायचे असल्यास पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट आहे. म्हणजे आयटीआयने शिक्षण संपत नाही.

गणित आणि इंग्रजी सोडू नये, कारण या धंद्यात वायू बदलत राहतात. ओझोनच्या थराला भोक पाडणारे वायू बंद करण्याचा करार 1987 साली माँट्रियलला झाला. त्यानुसार जुन्या फ्रिजमधले सीएफसी वायू आपल्या देशात 2010 पासून बंद झाले. जुन्या एसीतला आर-22 हा 2030 पर्यंत जवळजवळ हद्दपार व्हायचा आहे. त्याच्या जागी आलेले वायूही पृथ्वी तापवितात. ते कमी करण्याच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 साली मान्यता दिली असून आपल्याकडची कपात 2032 पासून सुरू व्हायची आहे. जो वाचणार नाही, तो मागे पडेल.

जिवाची काळजी पहिली. नव्या एसीतला आर-32 पेट घेऊ शकतो आणि आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. त्याच्याजवळ विडी-सिगारेट नको. गळती तपासायला नळीत कोरडा नायट्रोजन भरतात. ऑक्सिजन कधीही नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून असते. आणि उंचीवर पट्टा बांधल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, ठेकेदार काही म्हणो.

हंगामाचाही हिशेब हवा. मार्च ते जून जेवायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात हात रिकामे. उन्हाळ्याची कमाई उन्हाळ्यातच उडविली, तर ऑगस्टात सावकार दारात. त्यासाठी फ्रिज आणि शीतगृहाचेही काम शिकावे, ते बाराही महिने चालते. मागणी मात्र वाढती आहे. केंद्र सरकारने 2019 साली शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला. त्यात 2017-18 च्या तुलनेत वीस वर्षांत शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल, असा अंदाज दिला आहे आणि एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

त्या रविवारी रात्री आम्ही थोरल्याला जवळ बसविले. म्हटले, "माझं चुकलं. पण एक कबूल कर, पट्ट्याशिवाय चढणार नाहीस." तो म्हणाला, "बाबा, पट्टा तुम्हीच घेऊन द्या." अर्ज आम्हीच भरला, अभ्यासिकेत, सगळ्यांच्या देखत.

आज तो पहिल्या वर्षाला आहे. परवा त्याने तांब्याच्या नळीचा जोड घरी आणला, स्वतः ब्रेझिंग केलेला. आजोबांच्या हातात दिला. वडिलांनी तो खिडकीजवळ नेऊन उलटसुलट पाहिला, फुंकर मारून पाहिली आणि म्हणाले, "हवा जात नाही बापा." पत्नीने तो कपाटात दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवला आहे.

काळजी आमच्या मनातून गेलेली नाही. उद्या तो उंचीवर चढेल, तेव्हा आम्ही कचेरीत फायलींवर मान घालून बसलेले असू आणि जीव टांगणीला लागेल. पण त्या तरुणाच्या वाट्याला जे आले, ते आमच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढी तजवीज करणे आमच्या हातात आहे. आता आम्ही वस्तीतल्या बिनकागदाच्या कारागिरांची यादी करीत आहोत. हाती हुन्नर असूनही प्रमाणपत्र नसलेल्यांना ते कसे मिळवून देता येईल, याची चौकशी चालू आहे. यादीत पहिले नाव त्या तरुणाचे आहे. वाचकांपैकी ज्यांच्या वस्तीत असे कारागीर असतील, त्यांनीही हे काम हाती घ्यावे. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या असे काही म्हणाली, तर आमच्यासारखे आधी बोलू नये. आधी ऐकावे.