बाबांचा प्रिंटर आणि माझा शॉर्टकट

परवा सांगलीहून बाबांचा फोन. "अरे, प्रिंटर पुन्हा बंद पडलाय. माझंच काहीतरी चुकलं असेल."

तर मंडळी, झालं होतं असं. बाबांच्या कॉम्प्युटरवर डेबियन १२ मीच टाकून दिलंय. ते सोसायटीचे सचिव, त्यामुळे नोटिसा छापणं आलंच. प्रिंटरच्या कंपनीनं डेब पॅकेज दिलंय, पण ते 'एलएसबी' नावाचं दुसरं पॅकेज मागतं. एलएसबी म्हणजे लिनक्स स्टँडर्ड बेस. एकदा बनवलेला प्रोग्रॅम सगळ्या लिनक्सवर चालावा म्हणून ठरवलेले नियम. डेबियननं २०१५ मध्येच त्यातलं बहुतेक सोडून दिलं, कंपनीचं पॅकेज मात्र तिथंच राहिलं. दिवाळीत मला परतायची घाई होती. मी ते 'फोर्स' करून बसवलं, एक पान छापून दाखवलं आणि शाबासकी घेऊन पुण्याला आलो.

डीपीकेजीनं ऐकलं, पण ॲप्ट असलं काही विसरत नाही. बाबांनी मी वहीत लिहून दिल्याप्रमाणे अपडेट चालवलं. ॲप्ट अडलं आणि म्हणालं, 'फिक्स ब्रोकन' चालवा. त्यांनी चालवलं. हे पॅकेज काढू का, असं त्यानं विचारलं. त्यांनी 'वाय' दाबलं. ड्रायव्हर गेला!

शनिवारी सांगली गाठली आणि नीट बसलो. डेब म्हणजे एक गाठोडं. आत तीनच वस्तू: फॉरमॅटचा आकडा, पॅकेजची माहिती आणि खऱ्या फायली. डीपीकेजी-डेबला मोठा 'आर' देऊन ते सोडलं, कंट्रोल फायलीतल्या 'डिपेंड्स'मधून एलएसबी काढलं, आवृत्तीच्या शेवटी 'घर१' जोडलं (इंग्रजी अक्षरांत हो!), म्हणजे हे आपलं पॅकेज हे कळेल. मग छोटा 'बी' देऊन पुन्हा बांधलं.

पण नुसती ओळ खोडणं हाही शॉर्टकटच. ती मागणी खोटी नव्हती. छपाईचा प्रोग्रॅम सुरू व्हायला एलएसबीच्या नावाचा लोडर शोधतो. तो नसेल तर प्रोग्रॅमची फाइल डोळ्यांसमोर असूनही 'अशी फाइल नाही' असा एरर येतो. दिवाळीत मी त्या नावाची सिमलिंक हातानं केली होती, नोंद कुठंच नाही. उद्या कॉम्प्युटर बदलला की ती कोणाला आठवणार? या वेळी सिमलिंक पॅकेजच्या आतच घातली.

मग बाबांना शेजारी बसवून त्यांच्याच हातून अपडेट करवलं. ॲप्टची काही तक्रार नाही. नोटीस छापली.

(चुलत भावंडांनो, पॅकेज पाठव म्हणू नका. ते वाटायची परवानगी कंपनीच्या लायसन्समध्ये नाही. कृती वर दिलीच आहे.)

एक मात्र राहिलं. "बाबा, चूक तुमची नव्हती, माझी होती," हे मी पान बाहेर आल्यावर बोललो. फोनवरच सांगायला हवं होतं. चार दिवस ते स्वतःलाच दोष देत बसले होते.