एका मिस्ड कॉलचं बिल

दर महिन्याला चारशेच्या आत येणारं पोस्टपेड बिल त्या महिन्यात अडीच हजारांवर गेलं. मी मुलावर ओरडलो, त्याचा मोबाइल काढून घेतला. मग बिलाचा तपशील उघडला. एका परदेशी नंबरवर तीन कॉल, तिन्ही फजरच्या वेळचे, अम्मीच्या फोनवरून.

अम्मी म्हणाली, "एकदाच वाजला नि बंद झाला. म्हटलं, कुवेतला तुझ्या भावाला काही झालं की काय! मी लावला तर कुणी बोलेचना."

कुवेतचा कोड ९६५. हा नंबर भलत्याच देशाचा होता. या फसवणुकीला जपानीत 'वांगिरी' म्हणतात: एक रिंग द्यायची आणि कापायचं. आपण उलट फोन लावला की त्या महागड्या कॉलच्या पैशांतला वाटा त्यांना मिळतो.

आमच्या हमरापूरच्या गणेशमूर्ती परदेशी जातात, आमच्या घरातला माणूस आखातात. परदेशी नंबरला इथे कोण घाबरणार?

तक्रार नोंदवली, तरी बिल भरावंच लागलं. अम्मीच्या नंबरवरची आयएसडी सेवा बंद केली. बाहेरून येणारे फोन त्याने थांबत नाहीत. मुलाची माफी मागितली.

अम्मीला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याचाच असता तर?"