'वेड्याच्या गोळ्या' आणि आपली वस्ती

"त्या वेड्याच्या गोळ्या आहेत, एकदा धरल्या की सुटत नाहीत." वस्तीत काम करताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा प्रतिवाद लिहूनच ठेवावा म्हटले. याच वाक्याला घाबरून आमच्या ओळखीच्या एका आईने एसिटालोप्रॅमचे पाकीट दहाव्या दिवशी कचऱ्यात टाकले. दहा दिवसांत तिला फक्त मळमळ झाली होती, गुण काहीच नव्हता.

इतक्यात तो येणारही नव्हता. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये सूक्ष्म फट असते. एक पेशी तिथे सेरोटोनिन सोडते, दुसरीला निरोप पोहोचतो आणि उरलेले सेरोटोनिन पहिली परत ओढून घेते. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम ही औषधे हे परत ओढणे अडवतात. अडवण्याचे काम काही तासांतच सुरू होते. मन हलके व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ आधी, गुण नंतर, एवढे तरी त्या आईला कोणीतरी सांगायला हवे होते. नैराश्याखेरीज सततची धास्ती, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखी ओसीडी आणि आघातानंतरचा त्रास यांवरही ही औषधे देतात.

"सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले" हे सोपे उत्तर आम्हालाही मान्य नाही. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने संशोधन तपासून त्याला ठोस पुरावा नसल्याचे मांडले. लगेच काहींनी औषधच खोटे ठरवले! पॅरासिटामॉलने ताप उतरतो. म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो का?

काही साथी म्हणतात, कर्ज, मारहाण, अपमान यांवर गोळी कसली देता? खरे आहे, गोळीने हप्ता फिटत नाही. पण जिला अंथरुणातून उठवत नाही, ती बाई पोलीस ठाण्याची पायरी कशी चढणार? शिवाय सरकारी मानसिक उपचार हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो न मागता अंगाऱ्यावर भागवणे आम्हाला पटत नाही.

राहिला सवयीचा प्रश्न. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. ती भीती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांबाबत रास्त आहे, आणि वस्तीत दोन्हींना एकच नाव आहे. मात्र या गोळ्या अचानक बंद केल्या तर चक्कर येते, झिणझिण्या येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवावी. पंचविशीच्या आतील मुलामुलींवर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. आत्महत्येचे विचार वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.